वेचणीच्या बायांच्या कमरेसाठी: हिंगणघाटचं व्यायामवालं केंद्र

गेल्या उन्हाळ्यापासून मी जुन्या कंबरदुखीसाठी हिंगणघाटच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जाते आहे. आमच्या भागातल्या बाया सारख्या विचारतात, "ताई, तुमी कोठी दाखवलं?" उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. आधी निकाल सांगते: जावं. पण नुसता शेक आणि मालीश घ्यायची असेल तर तिथे जाऊ नका. तिथे कमरेवर मशीन लावून अर्धा तास झोपवून ठेवत नाहीत. तुमच्याकडून व्यायाम करून घेतात, आणि तोच घरी रोज करावा लागतो.

मी राळेगाव तालुक्यातली. गावात आशा स्वयंसेविका आहे. घरची पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. वेचणीच्या दिवसांत सकाळी वावर, दुपारनंतर घरभेटी, संध्याकाळी चूल. कंबर चार-पाच वर्षांपासून दुखत होती. आधी वेचणीपुरती दुखायची, मग निंदणातही, मग सकाळी उठून सडा टाकतानाही. गावोगाव होतं तसं माझंही झालं. कुणी सुई दिली, कुणी गोळ्या, एका दवाखान्यात एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आला, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही" असं सांगून पट्टा दिला. पाच एकरवाल्या बाईने वाकायचं नाही तर खायचं काय, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. गोळ्यांचं तर मला कामामुळेच माहीत आहे. दुखणं दाबणाऱ्या या गोळ्या महिनोन्महिने आपल्या मनाने खाल्ल्या की पोटात जखम होते, किडनीवर भार येतो. गावात मी हे दुसऱ्यांना सांगत होते, आणि माझ्या कमरेला दुसरा उपाय कुणी दाखवत नव्हतं.

केंद्राचं नाव आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी सुचवलं. कापूस बाजारापासून पायी जाण्यासारखं आहे, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद आणि उभा आहे, कठड्याला धरून सावकाश चढा. वडकीहून एसटीने गेलं तर बायांना अर्धंच तिकीट लागतं, मार्च २०२३ पासून ती सवलत आहे, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्च फार होत नाही. पहिल्या तपासणीचे ३०० रुपये, पुढच्या भेटीला १५०. पण रोज बोलवत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. दुसरीकडे "सलग दहा दिवस शेक घ्या" म्हणतात. गावातल्या बाईला सलग दहा दिवस मजुरी बुडवून तालुक्याला जाणं जमतच नाही.

पहिल्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी जवळपास तासभर दिला. त्यातला अर्धा वेळ नुसते प्रश्न. किती वर्षं दुखते, रात्री झोपेतून जाग येते का, ताप येतो का, वजन उतरलं का, लघवी-संडासवर ताबा आहे का, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिर वाटतं का. मग आडवं करून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडीने हळू ठोकलं, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाच्या बोटांना कापूस लावून "लागते का?" विचारलं. हे सगळं कशासाठी, तेही सांगितलं. कंबरदुखीच्या बहुतेक लोकांत एखादा गंभीर आजार सापडत नाही, पण ज्या थोड्यांत असतो ते आधी ओळखून वेगळे काढायचे असतात. मणक्याचा टीबी आपल्याकडे नवीन नाही. मी स्वतः टीबीच्या रुग्णांना गोळ्या पोचवते, म्हणून ताप आणि वजनाचं त्यांनी विचारलं तेव्हाच माझा भरवसा बसला.

अजून एक प्रश्न त्यांनी पडदा ओढून, आवाज कमी करून विचारला: अंग (गर्भपिशवी) बाहेर येतं का? पांढरं जातं का? आमच्याकडे बाई कंबर दुखते म्हणाली की सासू-जावा आधी पांढऱ्या पाण्याचं नाव घेतात, आणि तिथेच विषय संपतो. मॅडमनी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. अंगावरून जास्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दाखवायचंच, ते कंबरेच्या खात्यात ढकलायचं नाही. आणि व्यायामातही फरक पडतो: अंग बाहेर येणाऱ्या बाईने श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, उचलताना श्वास सोडायचा. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायांना हा एक प्रश्न आजवर कुणीच विचारलेला नाही.

मग एक्स-रे. मी पिशवीतून काढून पुढे ठेवला. "मॅडम, गॅप हाये म्हनते यात." त्यांनी तो नीट पाहिला आणि बाजूला ठेवला. मग जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआय आणि सीटीच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या १०० जणांपैकी सुमारे ६८ जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या आणि ५० जणांच्या फुगून बाहेर आलेल्या दिसल्या. ऐंशीच्या वयात तर झीज १०० पैकी ९६ जणांत. आणि दुखणं एकालाही नाही. म्हणजे चित्रात जे दिसतं तेच दुखण्याचं कारण, असं धरून चालता येत नाही. "केस पांढरे होतात तसे मणकेही वयाने बदलतात. तुमची कंबर तुटलेली नाही. ती कमजोर झाली आहे आणि घाबरली आहे," असं त्या म्हणाल्या. चार वर्षं मी वाकताना आतून काहीतरी निसटेल या धाकाने वाकत होते. त्या दिवशी जिना उतरताना तो धाक बराच उतरला होता, आणि व्यायाम तर अजून एकही शिकवलेला नव्हता.

आता ती गोष्ट, जिच्यावर आमच्या गावात सगळ्यात जास्त वाद होतो. मीही तेच विचारलं होतं: "दिवसभर वावरात वाकतो, पानी भरतो, ढोराचं करतो. अजून कायचा व्यायाम?" मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाकता, पण वाकून तशाच राहता. दोन-दोन तास." काम आणि व्यायाम यातला फरक त्यांनी असा सांगितला. कामात एकच हालचाल दिवसभर होते, थकल्यावरही थांबता येत नाही, आणि किती करायचं ते पीक ठरवतं. व्यायामात हालचाल सगळ्या बाजूंनी होते, थोडी होते, मध्ये विसावा असतो आणि वजन आठवड्या-आठवड्याने आपण वाढवतो. त्या वाढीतूनच अंगात ताकद येते. वेचणीत तसंच वाकून राहिल्याने कमरेवर सारखा भार पडतो. त्यात वेचलेला कापूस टाकायला पोटाला बांधलेली कापडाची ओटी. ती भरत जाते तशी समोरून खाली ओढते, आणि तिला तोलून धरायला पाठ मागून ताणून राहते. मी आयुष्यभर ओटी बांधत आले, पण ती कमरेला काय करते हे असं कुणी समजावलं नव्हतं.

त्यांनी मला विचारलं, "वेचणी कधी लागते?" म्हटलं, दसऱ्याच्या आगेमागे सीतादहीची पूजा करून सुरुवात होते, दिवाळीत जोर येतो. त्यांनी कॅलेंडर काढून उलटं मोजलं. उन्हाळा चालू होता. तेवढे महिने हातात आहेत, तोवर कंबर वेचणीला तयार करायची, असं ठरलं. माझ्या दृष्टीने या केंद्राची खरी किंमत इथे आहे. "वाकू नका" हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. वाकायचंच आहे, तर वाकायची तयारी करू, असं धरून सगळं शिकवलं. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी वखराला जुंपत नाहीत, आधी खांद्याला सवय करतात. तसंच हे.

पहिल्या टप्प्याचे व्यायाम दिसायला साधे आहेत. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर हळूच जमिनीला टेकवायची आणि सोडायची. मग त्याच स्थितीत पाय जमिनीवर रोवून ढुंगण वर उचलायचं, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, खाली. मग हातागुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीगत वर फुगवायची आणि खाली सोडायची. मग त्याच स्थितीत उजवा हात समोर आणि डावा पाय मागे सरळ लांबवायचा, नंतर उलट, आणि कंबर हलू द्यायची नाही. हा चौथा सगळ्यात कठीण. पहिल्यांदा माझा तोल जात होता. मॅडमनी कमरेवर पाण्याची छोटी बाटली आडवी ठेवली आणि सांगितलं, ही पडू द्यायची नाही. दहा-दहा वेळा, दोन फेऱ्या, रोज. एवढ्याने पंधरा-वीस मिनिटं जातात.

ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही त्यांना हेच व्यायाम भिंतीला टेकून किंवा पलंगावर शिकवतात. माझ्यासमोर एक म्हातारी आजी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करत होत्या. तोही व्यायामच आहे, आणि त्या वयात कदाचित सगळ्यात कामाचा.

दुसरा टप्पा मला फार आवडला. वेळूची एक लांब काठी पाठीला उभी लावायची, डोक्याला, खांद्यांच्या मधोमध आणि खाली माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली. मग गुडघे किंचित सैल करून खुब्यातून पुढे झुकायचं आणि ढुंगण मागे न्यायचं. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात, सुटली तर कमरेतून. हे आरशासमोर करून घेतात. कमरेतून वाकलं की काहीतरी मोडतं असं नाही, तेही अधूनमधून वाकायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. पण दोन्ही तऱ्हा अंगात असल्या तर एक थकली की दुसरी वापरता येते. वावरात हे फार उपयोगी पडतं. मी आता थोडा वेळ अशी वेचते, थोडा वेळ तशी, आणि एक पाय पुढे टाकून मांडीवर कोपर टेकवूनही.

तिसरा टप्पा वजनाचा. केंद्रात लोखंडी वजनं आहेत, पण मला घरच्या वस्तू विचारल्या. अर्धी बादली पाणी, मग पूर्ण बादली, मग दोन हातांत दोन, मग ढेपीचं पोतं. आठवड्याला थोडंथोडं वाढवायचं. वजन अंगाजवळ, उचलताना श्वास बाहेर. ज्या बाईला "दोन किलोच्या वर उचलू नका" असं सांगून घरी पाठवलं होतं, ती मी, आषाढापर्यंत विहिरीवरून दोन भरलेल्या बादल्या आणत होते आणि दुसऱ्या दिवशी उठून निंदणालाही जात होते.

दुखण्याचा नियमही दिला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. शून्य ते दहामध्ये चारपर्यंत दुखणं सहन करण्यासारखं धरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीसारखं झालं तर बरोबर चाललंय, तेवढंच चालू ठेवा. दुसऱ्या सकाळी जास्तच दुखत असेल तर निम्मं करा, पण बंद करू नका. गोष्ट साधी आहे, पण बायका व्यायाम सोडतात त्या इथेच. पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, त्या समजतात कंबर बिघडली, आणि परत सुईकडे वळतात. माझंही मधे एकदा, पेरणीच्या धांदलीत, जोरात दुखलं. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, दोन दिवस हलकं करा, पण अंथरुणात पडून राहू नका, चालत राहा.

चालण्याबद्दलही त्यांचं मत पक्कं आहे. मी म्हटलं, आम्ही तर दिवसभर चालतोच. त्यांनी विचारलं, हात मोकळे सोडून, ताठ, डोक्यावर काही नसताना शेवटचं कधी चाललात? मला आठवेना. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला, २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या लोकांपैकी ज्यांना चालायचं नेमाने शिकवलं, त्यांच्यात दुखणं पुन्हा उलटायला मधला काळ २०८ दिवसांचा निघाला, आणि ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यात ११२ दिवसांचा. मी आता संध्याकाळी गावाबाहेर पांदण रस्त्याने चालते. सोबत दोन-तीन बाया येतात. घरभेटींत जे बोलणं होत नाही ते तिथे होतं.

पट्ट्याचं मुद्दाम लिहिते, कारण आमच्या भागात दहा घरांपैकी निम्म्या घरांत खुंटीला एक पट्टा टांगलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. सीएचओ मॅडमनी त्या मोबाईलवर उघडून मला मराठीत समजावून दिल्या. त्यात समजावून सांगणं, व्यायाम, मालीशसारखे हाताने करायचे काही उपचार आणि मनाची भीती कमी करणारे उपचार सुचवले आहेत, सूज-वेदना कमी करणाऱ्या गोळ्यांचाही उल्लेख आहे. पण नेहमीच्या उपचारात पट्टे, वजन लावून कंबर ताणणं, अल्ट्रासाऊंडचा शेक, विजेचे झटके देणारी मशीन आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं देऊ नयेत असं म्हटलं आहे. आपल्याकडे पैसे जातात ते याच गोष्टींवर. या केंद्रात शेकाचं मशीन आहे, पण ते एका कोपऱ्यात आहे आणि कुणी फारच अडून बसलं तर व्यायामाआधी थोडा वेळ लावतात. सासूबाईंना अजूनही मालीशच बरी वाटते, आणि मालीशीला मॅडमही नाही म्हणाल्या नाहीत. नुसत्या मालीशीवर थांबू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

व्यायामाने सगळं जातं का? नाही. हे केंद्रात पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगतात, आणि मला ते पटलं. कॉक्रेन ही संशोधनांचे आढावे घेणारी संस्था आहे, तिच्या २०२१ च्या आढाव्यात जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या, सुमारे २४ हजार माणसं, एकत्र तपासली गेली. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, काही न करणाऱ्यांच्या किंवा नेहमीच्या उपचारांवर असणाऱ्यांच्या तुलनेत, १०० च्या मापावर सरासरी १५ अंकांनी कमी निघालं. म्हणजे फरक पडतो, चमत्कार होत नाही. माझंही तसंच आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर फटफटीवर मागे बसून लांब गेलं की अजूनही कंबर भरते. पण गेल्या हंगामात मी माझी पात (वेचायला वाट्याला आलेली ओळ) सोडून बांधावर जाऊन आडवी पडले नाही, आणि गोळी अगदी क्वचित घेतली. रात्री कूस बदलताना जाग येत नाही. हे मला पुष्कळ आहे.

ओटीबद्दल मॅडमनी एक सल्ला दिला: पूर्ण भरायची वाट पाहू नका, अर्धी झाली की रिकामी करा. घरच्या वावरात मला ते जमलं. पण किलोवर वेचणाऱ्या मजूर बायांना दर वेळी पात सोडून ढिगापर्यंत जाणं परवडत नाही, तेवढ्यात दुसरीचा कापूस पुढे जातो. हे मी त्यांना सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून तोड काढली: मधल्या ओळींत दोन-तीन ठिकाणी रिकामी पोती आधीच टाकून ठेवायची आणि जवळच्या पोत्यात ओटी झाडायची. आमच्या वावरात आता तसंच करतो, मजूर बायाही खूश आहेत. वावर ज्यांचं आहे त्यांनी हे करायला हवं, त्याला पैसाही लागत नाही.

आता तक्रारी. व्यायामाचा छापील कागद देतात तो इंग्रजीत आहे, वर परदेशी माणसाची चित्रं. चित्रांवरून समजतं, पण किती वेळा करायचं, कधी थांबायचं, हे शब्दांत आहे. माझ्या वहीत मी मराठीत उतरवून घेतलं, प्रत्येकीला ते जमणार नाही. दुसरं, पडद्याची जागा एकच. लुगडं नेसलेल्या बाईला पाठीवर झोपून पाय वर करायला सांगता, तेव्हा मधेच कुणी पुरुष रुग्ण किंवा शिकाऊ मुलगा आत यायला नको. एकदा तसं झालं आणि सोबतची बाई पुन्हा आली नाही. बायांचा वेगळा वेळ ठेवा, किंवा आत येताना आवाज द्या. मी जाताना साडीखाली सलवार घालून जाते, तुम्हीही तसंच करा, मोकळेपणाने करता येतं. तिसरं, सोमवारच्या गर्दीत मॅडम फार घाईत असतात आणि शिकाऊ मुलंच व्यायाम करून घेतात. मुलं मनापासून शिकवतात, पण चूक पटकन पकडत नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जावं.

घरी व्यायाम कुठे करायचा हाही प्रश्न असतो. एका खोलीत चार माणसं झोपतात, अंगण रस्त्यावर उघडं. मी पहाटे सडा टाकायच्या आधी आतल्या खोलीत सतरंजी टाकून करते. खाली गादी नको, आणि खोल झालेल्या बाजेवर तर नाहीच. आमच्या घरच्यांनी आधी दोन-चार वेळा "हे काय चाललं" विचारलं, आता त्या वेळी स्वतःच चहा मांडतात.

कुणी तिथे न जाता सरळ मोठ्या दवाखान्यात जावं, तेही लिहिते. लघवी किंवा संडास अडत असेल वा नकळत होत असेल, बसायच्या जागेवर आणि जांघेत बधिर झालं असेल, पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं, आधी कधी कॅन्सर झालेला, झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातही आधी डॉक्टर, मग व्यायाम. गरोदर बायांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांनी मॅडमना ते पहिल्यांदाच सांगावं, त्यांचे व्यायाम वेगळे असतात.

केंद्राकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते मी त्यांना तोंडीही सांगितलं आहे. तुम्ही हिंगणघाटला बसता, आणि कंबर दुखणाऱ्या बाया वडकी, राळेगाव, वडनेरच्या वावरांत आहेत. नवरात्राच्या आधी, वेचणी लागायच्या महिनाभर अगोदर, आमच्या उपकेंद्रात एक दिवस या. दुपारी तीननंतरची वेळ ठेवा, त्याआधी बाया वावरातून येत नाहीत. बाया जमवायचं काम आम्हा आशांचं. चटया आणि वेळूच्या काठ्या आम्ही आणू, तुम्ही फक्त मराठीतला कागद छापून आणा.